रॅम भरलेली का दिसते? मोकळ्या मेमरीतल्या कॅशेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात इतवारीतल्या पेढ्या, महालातली डीटीपीची दुकानं, हिंगणा एमआयडीसीतली ऑफिसं, कॉलेजांच्या लॅब. चार-दोन कॉम्प्युटर जिथे आहेत तिथे "रॅम फुल झाली, मशीन स्लो झालं" ही तक्रार असतेच. यातल्या बऱ्याच तक्रारींत रॅम संपलेली नसते. ऑपरेटिंग सिस्टिमनं ती कामाला लावलेली असते आणि बघणारा चुकीचा आकडा बघत असतो. खरा आकडा कुठे बघायचा, कशाला हात लावायचा नाही आणि कुठे खरोखर सावध राहायचं, ते या पानावर आहे.

कमांड आणि सेटिंगची नावं इथे देवनागरीत आहेत. टाइप करताना ती रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकावीत.

काहीच उघडलेलं नाही, तरी रॅम भरलेली दिसते. व्हायरस आहे का?

ते कोणत्या खिडकीत दिसतं आहे यावर उत्तर अवलंबून आहे. लिनक्सवर किंवा भाड्याच्या सर्व्हरच्या पॅनेलवर "९२ टक्के" दिसत असेल, तर त्यात बहुधा कॅशेही मोजलेली असते. म्हणजे डिस्कवरून एकदा वाचलेल्या फाइली सिस्टिमनं मोकळ्या रॅममध्ये ठेवून दिल्या आहेत. ही जागा मागितली की लगेच मिळते. काळजी करण्यासारखं काही नाही.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमधली टक्केवारी मात्र कॅशे वगळून असते. तिथे ८ जीबीपैकी साधारण ३ ते ४ जीबी विंडोज ११ स्वतःच खाते, त्यामुळे रिकाम्या मशीनवर ४०-५० टक्के दिसणं नेहमीचं आहे. पण काही उघडलेलं नसताना ८५ टक्के दिसत असेल तर ती कॅशे नव्हे. तेव्हा "प्रोसेसेस" टॅबवर जाऊन मेमरीच्या मथळ्यावर क्लिक करा, सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येईल. यादीतली बेरीज कमी आणि एकूण वापर जास्त असं दिसलं तर "परफॉर्मन्स" टॅबमध्ये "नॉन-पेज्ड पूल" (विंडोज आणि ड्रायव्हर यांनी धरलेली, डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) बघा. तो १ जीबीच्या वर जाऊन वाढतच असेल तर बहुतेकदा एखादा ड्रायव्हर मेमरी घेऊन सोडत नसतो. नेटवर्क कार्डाचा आणि अँटिव्हायरसचा ड्रायव्हर आधी अपडेट करून बघावा.

या कॅशेत असतं तरी काय?

डिस्कवरच्या फाइलींचे तुकडे. नेहमीच्या इंटेल-एएमडी मशीनवर एक तुकडा ४ केबीचा असतो आणि त्याला पेज म्हणतात. तुम्ही एक्सेलची फाइल उघडली, टॅली सुरू केलं, फोटो बघितला की त्यातली वाचली गेलेली पेजं रॅममध्ये येतात. प्रोग्रॅम बंद केला तरी ती तिथेच राहतात, कारण तीच फाइल पुन्हा मागितली जाण्याची शक्यता मोठी असते. सकाळी पहिल्यांदा ब्राउझर उघडायला वेळ लागतो आणि बंद करून लगेच उघडला तर तो पटकन येतो, त्यामागे हीच कॅशे आहे.

सिस्टिम थोडी पुढचीही पेजं आणून ठेवते. फाइल सलग वाचली जाते आहे असं दिसलं की लिनक्स पुढचा भाग आधीच मागवतो. त्याची नेहमीची मर्यादा १२८ केबी असते. फोल्डरमधल्या फाइलींची नावं, आकार, परवानग्या ही माहितीही वेगळ्या कॅशेत असते. म्हणून हजारो फोटोंचं फोल्डर दुसऱ्यांदा पटकन उघडतं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते आकड्यांवरून कळतं. ७२०० आरपीएमच्या हार्ड डिस्कला विखुरलेला एक तुकडा शोधायला १२-१३ मिलिसेकंद लागतात. त्यातले चारेक मिलिसेकंद तर नुसती चकती अर्धी फिरायला जातात. एनव्हीएमई एसएसडीला हेच काम शंभरेक मायक्रोसेकंदांत जमतं, तर रॅमला शंभरेक नॅनोसेकंदांत. म्हणजे हार्ड डिस्कच्या मानानं रॅम लाखपटीहून वेगवान आणि चांगल्या एसएसडीच्या मानानंही हजारपट. अशी जागा दिवसभर रिकामी ठेवण्यात काहीच शहाणपण नाही.

मग नवा प्रोग्रॅम उघडला की त्याला जागा कुठून मिळते?

कॅशेतून, आणि तुम्हाला जाणवणारही नाही इतक्या लवकर. कॅशेतलं पेज म्हणजे टेबलावरची झेरॉक्स आहे, मूळ कागद डिस्कच्या कपाटात सुरक्षित असतो. जागा हवी झाली की झेरॉक्स सरळ टाकून देता येते, कुठे जपून ठेवावी लागत नाही. अशा पेजला "क्लीन" म्हणतात. झेरॉक्सवर पेनानं दुरुस्ती केली आणि मूळ कागदावर ती अजून चढवली नाही, तर मात्र ती टाकता येत नाही. आधी दुरुस्ती डिस्कवर लिहावी लागते. हे "डर्टी" पेज. क्लीन आणि डर्टी यांतला हा फरक लक्षात ठेवा. लाइन जाणं, पेनड्राइव्ह ओढून काढणं वगैरे खालच्या सगळ्या भानगडी त्यावरच येतात.

कोणतं पेज आधी टाकायचं हेही ठरलेलं असतं. बरेच दिवस कुणी हात न लावलेलं पेज आधी जातं. लिनक्स त्यासाठी "ॲक्टिव्ह" आणि "इनॲक्टिव्ह" अशा याद्या ठेवतो. विंडोज व्हिस्टापासून स्टँडबाय (कॅशेत पडून असलेल्या, लगेच सोडता येणाऱ्या) पेजांना ० ते ७ असे प्राधान्यक्रम देतं आणि खालच्या क्रमांकाची पेजं आधी वापरून टाकतं.

विंडोजमध्ये नेमका कोणता आकडा बघायचा?

टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा), "परफॉर्मन्स" आणि त्यात "मेमरी". तिथे "अव्हेलेबल" हा आकडा महत्त्वाचा. त्यात पूर्ण रिकामी जागा आणि स्टँडबाय कॅशे दोन्ही धरलेल्या असतात. शेजारचा "कॅश्ड" म्हणजे स्टँडबाय अधिक मॉडिफाइड, अर्थात डिस्कवर लिहायची बाकी असलेली पेजं.

जास्त तपशील हवा तर त्याच ठिकाणाहून "रिसोर्स मॉनिटर" उघडा आणि मेमरी टॅबवर जा. खालच्या पट्टीत राखाडी रंग हार्डवेअरसाठी राखीव, हिरवा वापरात, नारिंगी मॉडिफाइड, गडद निळा स्टँडबाय आणि फिका निळा पूर्ण रिकामा. दिवसभर चाललेल्या मशीनवर फिका निळा जवळजवळ नाहीसा होतो आणि लोक तिथेच घाबरतात. गडद निळा पट्टा रुंद असेल तर मशीन ठणठणीत आहे.

"कमिटेड" हा आकडाही बघून ठेवा. तो दोन संख्यांत असतो, जसं ९.१/१५.८. दुसरी संख्या म्हणजे रॅम आणि पेज फाइल (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली फाइल) यांची बेरीज. पहिली दुसरीला भिडायला लागली की प्रोग्रॅम "मेमरी अपुरी आहे" म्हणून बंद पडू लागतात, मग कॅशेचं काही का असेना.

आणि लिनक्सवर?

टर्मिनलमध्ये "फ्री" कमांड, पुढे "-एच". ८ जीबीच्या मशीनवर असं काही दिसेल: टोटल ७.६, यूज्ड २.४, फ्री ०.३, बफ/कॅशे ४.९, अव्हेलेबल ४.६. इथे "फ्री ०.३" वाचून हबकू नका. नव्या प्रोग्रॅमना स्वॅपला (रॅममधली पेजं ठेवायला डिस्कवर राखलेल्या जागेला) हात न लावता ४.६ जीबीच्या आसपास जागा मिळू शकते, असं शेवटचा रकाना सांगतो.

हा अंदाज कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतः काढतो. "/प्रॉक/मेमइन्फो" मध्ये "मेमअव्हेलेबल" ही ओळ २०१४ च्या ३.१४ कर्नलपासून आली. त्याआधी लोक फ्री, बफर आणि कॅशे यांची बेरीज करायचे आणि ती थोडी फुगलेली निघायची, कारण कॅशेतला प्रत्येक बाइट सोडता येत नाही. जुन्या पुस्तकांत आणि व्हिडिओंत अजूनही ती बेरीज शिकवतात. ती सोडून द्या.

मॅकवर?

ॲक्टिव्हिटी मॉनिटरचा मेमरी टॅब. "कॅश्ड फाइल्स" कितीही असू द्या, खालचा "मेमरी प्रेशर" आलेख हिरवा आहे तोवर सगळं ठीक. पिवळा झाला की लक्ष ठेवा. लाल झाला तर रॅम खरोखर कमी पडते आहे.

हे स्वतः करून बघता येईल का?

नक्की बघा, दहा मिनिटांचं काम आहे आणि त्यानंतर कुणाचं ऐकायची गरज राहत नाही. लिनक्सवर २ जीबीची एखादी व्हिडिओ फाइल घ्या.

१. "सिंक" कमांड द्या, म्हणजे डर्टी पेजं डिस्कवर जातील. मग रूटच्या (मुख्य ॲडमिनच्या) हक्कानं "/प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस" या फाइलमध्ये ३ हा आकडा लिहा. क्लीन कॅशे रिकामी होईल.
२. "फ्री -एच" चालवून बफ/कॅशे आणि अव्हेलेबल लिहून ठेवा.
३. "टाइम कॅट", पुढे फाइलचं नाव, आणि आउटपुट "/डेव्ह/नल" कडे वळवा. फाइल पूर्ण वाचली जाईल आणि लागलेला वेळ छापून येईल.
४. हीच ओळ लगेच पुन्हा चालवा.
५. पुन्हा "फ्री -एच".

हार्ड डिस्कवर पहिल्यांदा १३ ते २० सेकंद लागतील, साटा एसएसडीवर चारेक सेकंद. दुसऱ्यांदा दोन्हीकडे साधारण सेकंदाच्या आत काम होईल, कारण डिस्कला कुणी विचारलंच नाही. आता पाचव्या पायरीचे आकडे बघा. बफ/कॅशे सुमारे २ जीबीनं वाढलेली असेल, फ्री तितकीच घटलेली असेल आणि अव्हेलेबल जवळजवळ जागच्या जागी असेल. "रॅम भरली" आणि "रॅम संपली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ते इथे आकड्यांत दिसतं.

आणखी एक करून बघण्यासारखं आहे. ४ जीबीच्या मशीनवर ६ जीबीची फाइल दोनदा वाचा. दुसऱ्यांदा फारसा फायदा होणार नाही. शेवटची पेजं आणताना सुरुवातीची पेजं बाहेर ढकलली जातात आणि पुन्हा सुरुवातीपासून वाचायला गेलं की नेमकी तीच सापडत नाहीत. रोजच्या कामातल्या फाइली एकदम रॅममध्ये मावत नसतील तर कॅशे फार मदत करू शकत नाही, हे त्यावरून कळतं.

विंडोजवर रिसोर्स मॉनिटर उघडा ठेवून एखादी मोठी फाइल कॉपी करा. गडद निळा पट्टा डोळ्यांदेखत वाढतो.

रॅम क्लीनर, रॅम बूस्टर टाकावं का?

नाही. ही सॉफ्टवेअरं दोनपैकी एक काम करतात. एक तर स्टँडबाय कॅशे टाकून देतात, नाहीतर चालू प्रोग्रॅमांकडून त्यांची पेजं जबरदस्तीनं सोडवतात. "फ्री"चा आकडा क्षणात वाढतो, हिरवी बरोबरची खूण येते आणि बरं वाटतं. पुढच्या मिनिटाला तुम्ही वर्डवर क्लिक करता, तेव्हा मघाशी रॅममध्ये असलेलं सगळं पुन्हा डिस्कवरून आणावं लागतं. साध्या हार्ड डिस्कवर हा फटका चांगलाच जाणवतो. शिवाय असा क्लीनर स्वतः दिवसभर रॅम आणि प्रोसेसर खात बसलेला असतो.

मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स संचातलं "रॅममॅप" हे चांगलं साधन आहे आणि त्यात स्टँडबाय यादी रिकामी करायची सोय आहे. पण ती तपासणीसाठी आहे, रोजच्या वापरासाठी नाही. सी ड्राइव्हवरच्या तात्पुरत्या फाइली किंवा ब्राउझरची कॅशे साफ करणं हा पूर्ण वेगळा विषय. ती डिस्कवरची जागा आहे, रॅमशी तिचा संबंध नाही.

आमच्या सर्व्हरवर कुणीतरी दर तासाला कॅशे रिकामी करणारी क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) टाकली आहे. राहू द्यायची?

काढून टाका. ड्रॉप_कॅशेस ही सोय चाचणी आणि तपासणीसाठी आहे, बाकी वापराची शिफारस कर्नलच्या दस्तऐवजांतही नाही. दर तासाला कॅशे उडाली की पुढची काही मिनिटं सगळ्या विनंत्या डिस्कवर आदळतात. वेबसाइट तासाच्या ठोक्याला अडखळते आणि कारण कुणालाच सापडत नाही. मॉनिटरिंगचा अलार्म वाजतो म्हणून ही जॉब टाकली असेल तर अलार्म दुरुस्त करा. तो "यूज्ड" वर नको, "अव्हेलेबल" एकूण रॅमच्या १० टक्क्यांखाली काही मिनिटं सलग राहिली तर वाजू द्या.

सिसमेन किंवा सुपरफेच बंद करावं का?

दोन्ही एकच. व्हिस्टामध्ये सुपरफेच म्हणून आलं, विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून सेवेचं नाव सिसमेन आहे. कोणता प्रोग्रॅम तुम्ही कधी उघडता याची नोंद ठेवून त्याची पेजं आधीच स्टँडबायमध्ये आणून ठेवणं हे त्याचं काम. एसएसडी आणि ८ जीबी असेल तर चालू राहू द्या. त्याचं मुख्य काम वाचण्याचं आहे, त्यामुळे एसएसडी झिजेल ही भीती नको.

४ जीबी आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर सुरू झाल्यावर पहिली दहा मिनिटं डिस्क १०० टक्के दिसते, त्यात याचाही वाटा असू शकतो. "सर्व्हिसेस" मध्ये सिसमेन थांबवून आठवडाभर वापरून बघा. फरक पडला नाही तर पुन्हा चालू करा. अशा मशीनवर खरी अडचण बहुतेकदा त्या डिस्कचीच असते.

फाइल सेव्ह केली आणि लाइन गेली. फाइल जाईल का?

जाऊ शकते. नागपुरात मे-जूनच्या वादळात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे नीट समजून घ्या.

"सेव्ह" म्हटल्यावर पुष्कळदा बदल आधी रॅममध्ये डर्टी पेज म्हणून नोंदवला जातो आणि डिस्कवर थोड्या वेळानं लिहिला जातो. लिनक्सची मूळ सेटिंग अशी: लिहिणारी यंत्रणा दर ५ सेकंदांनी जागी होते आणि ३० सेकंदांहून जुनी डर्टी पेजं लिहून काढते. विंडोजमध्ये "लेझी रायटर" दर सेकंदाला डर्टी पेजांपैकी साधारण आठवा हिस्सा लिहायला काढतो. म्हणजे लाइन जाण्याआधीच्या काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंतचं काम धोक्यात असतं.

एनटीएफएस आणि ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमांना (डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धतींना) जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही, असतं, पण ते मुख्यतः रचनेचं रक्षण करतं: कोणती फाइल कुठे आहे, कोणता ब्लॉक कुणाचा. आतला मजकूर वाचेलच असं नाही. म्हणून कधीकधी लाइन आल्यावर फाइल जागेवर दिसते, आकारही बरोबर असतो, पण उघडली तर आत शून्यं भरलेली असतात. चांगले डेटाबेस "एफसिंक" ही हाक देऊन, डेटा खरोखर डिस्कवर गेल्याशिवाय "झालं" म्हणत नाहीत. साधे एडिटर, बिलिंगची छोटी सॉफ्टवेअरं ही काळजी घेतीलच असं नाही.

उपाय साधे आहेत. प्रत्येक डेस्कटॉपला यूपीएस हवा. तो तासभर चालायची गरज नाही, काम सेव्ह करून नीट शटडाउन करण्यापुरती पाच-दहा मिनिटं मिळाली तरी पुरे. घरचा इन्व्हर्टर असेल तर तो "यूपीएस मोड" वर ठेवा. दुसऱ्या मोडमध्ये बॅटरीवर जाताना इतका वेळ लागू शकतो की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. वर्षा-दोन वर्षांत बॅटरी उतरते, तेव्हा उन्हाळ्याआधी एकदा प्लग काढून तपासा.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये डिस्कच्या "पॉलिसीज" टॅबवर दोन चौकटी असतात. पहिली, राइट कॅशिंग चालू ठेवण्याची, राहू द्या. दुसरी, बफर फ्लशिंग बंद करण्याची, तिला हात लावू नका. वेग वाढवायच्या नावाखाली काही व्हिडिओ ती टिक करायला सांगतात. तसं केलं की एफसिंकची हाकही डिस्कच्या आतल्या कॅशेपाशी अडते आणि डेटाबेसचं संरक्षण जातं.

पेनड्राइव्हवर कॉपी सेकंदात होते, पण इजेक्ट करायला पाच मिनिटं लागतात. असं का?

फ्लेक्स आणि पत्रिका छापणाऱ्यांकडे हे रोज घडतं. लिनक्सवर कॉपी "पूर्ण" दिसली तेव्हा फाइल पेनड्राइव्हवर गेलेली नसते, ती रॅममध्ये डर्टी पेज म्हणून पडलेली असते. मूळ सेटिंगप्रमाणे अव्हेलेबल मेमरीच्या १० टक्क्यांवर मागच्या मागे लिहिणं सुरू होतं आणि २० टक्क्यांवर प्रोग्रॅमला थांबवलं जातं. १६ जीबीच्या मशीनवर १३ जीबी अव्हेलेबल असेल तर २.६ जीबीपर्यंत डेटा असा अधांतरी राहू शकतो. साधा यूएसबी २.० पेनड्राइव्ह सेकंदाला ८ एमबीनं लिहीत असेल तर त्याला ३२५ सेकंद हवेत. तुम्ही इजेक्टवर थांबता ती हीच पाच मिनिटं.

या वेळात पेनड्राइव्ह ओढला तर फाइल अर्धवट राहते. शिवाय पेनड्राइव्हवर बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतं आणि त्यांना जर्नल नसतं. त्यामुळे आधीच्या फाइलींची यादीही बिघडू शकते. किती बाकी आहे ते "/प्रॉक/मेमइन्फो" मधल्या "डर्टी" आणि "राइटबॅक" या ओळींत दिसतं. दोन्ही शून्याच्या जवळ आल्या की समजा झालं.

ज्यांना दिवसभर हेच काम आहे त्यांनी "व्हीएम.डर्टी_बाइट्स" २०० एमबी आणि "व्हीएम.डर्टी_बॅकग्राउंड_बाइट्स" ५० एमबी असं ठेवावं. मूल्य बाइटमध्ये द्यायचं. मग कॉपीची पट्टी खऱ्या वेगाच्या बरीच जवळ सरकते आणि इजेक्ट लवकर होतं. विंडोज १० ची १८०९ आवृत्ती आणि पुढे पेनड्राइव्हसाठी मुळात "क्विक रिमूव्हल" (डेटा रॅममध्ये न साठवता लगेच लिहिणं) असतं, त्यामुळे तिथे हा त्रास कमी आहे. तरी कॉपीची खिडकी बंद झाल्याशिवाय आणि पेनड्राइव्हचा दिवा लुकलुकायचा थांबल्याशिवाय काढू नका.

उन्हाळ्यात रॅम भरलेली राहिली तर मशीन जास्त तापतं का?

नाही. डीरॅममधला प्रत्येक बिट साधारण ६४ मिलिसेकंदांत एकदा ताजा करावाच लागतो, मग त्यात कॅशे असो की काहीच नसो. भरलेल्या रॅमला वीज जास्त लागत नाही. चिपचं तापमान ८५ अंशांच्या वर गेलं तर हे रिफ्रेश दुप्पट वेळा करावं लागतं, पण ते खोलीच्या आणि कॅबिनेटच्या उष्णतेमुळे. उलट कॅशेमुळे डिस्कची धावपळ कमी होते, आणि पारा ४५ च्या वर असताना एनव्हीएमई एसएसडी तापून मंदावते तेव्हा याचा फायदाच होतो. कॅबिनेट मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती हवा ओली असते आणि आत धुळीचा चिखल करते.

रॅम मोकळी असूनही स्वॅप वापरलेला दिसतो. बंद करू का?

बंद करू नका. लिनक्समध्ये "स्वॅपिनेस" (स्वॅपकडे किती कल ठेवायचा ते ठरवणारी सेटिंग) मूळ ६० असतं. कित्येक तास न लागलेली प्रोग्रॅमची पेजं स्वॅपमध्ये टाकून ती जागा रोज लागणाऱ्या फाइलींना देणं यात काही गैर नाही. स्वॅपमध्ये किती पडून आहे त्यापेक्षा ये-जा किती चालली आहे ते बघा. "व्हीएमस्टॅट १" चालवा आणि "एसआय" (स्वॅपमधून आत) व "एसओ" (स्वॅपमध्ये बाहेर) हे रकाने मिनिटभर पाहा. शून्य किंवा अधूनमधून एखादा आकडा असेल तर ठीक. सतत हजारांत असतील तर रॅम कमी पडते आहे.

स्वॅप बंद केल्यानं मशीन हँग व्हायचं थांबत नाही, बऱ्याचदा वाढतं. स्वॅप नसला तर कर्नलला फक्त फाइलींची पेजं टाकता येतात आणि त्यात चालू प्रोग्रॅमचा कोडही येतो. कोड टाकायचा, लगेच लागला म्हणून डिस्कवरून आणायचा, पुन्हा टाकायचा. डिस्कचा दिवा सतत पेटलेला, माउस अडकलेला आणि स्वॅप शून्य, असं दृश्य तेव्हाच दिसतं. शेवटी ओओएम किलर (मेमरी संपली की चालणारी कर्नलची सोय) येऊन एखादा प्रोग्रॅम मारतो. डेस्कटॉपवर स्वॅपिनेस १० ते २० करून बघायला हरकत नाही, पण थोडा स्वॅप ठेवाच.

बफ/कॅशे ५ जीबी आणि अव्हेलेबल मात्र १ जीबी. बाकीची कुठे गेली?

कॅशेत धरलेलं सगळंच टाकून देता येत नाही. आधी "शेअर्ड" रकाना बघा. "/डेव्ह/एसएचएम" किंवा टीएमपीएफएस (रॅममध्येच बनवलेली फाइल सिस्टिम) असलेल्या "/टीएमपी" मध्ये ठेवलेल्या फाइली रॅममध्येच राहतात आणि कॅशेत मोजल्या जातात. त्यांची डिस्कवर प्रत नसते, म्हणून त्या फक्त स्वॅपमध्ये जाऊ शकतात. "डीएफ -एच" नं कुठे साठल्या आहेत ते शोधा आणि नको त्या पुसा.

झेडएफएस ही फाइल सिस्टिम वापरणाऱ्यांकडे उलटा घोळ होतो. तिची स्वतःची एआरसी कॅशे "बफ/कॅशे" मध्ये न दिसता "यूज्ड" मध्ये दिसते, त्यामुळे कॅशेच रॅमची गळती वाटते.

रॅम वाढवायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

नेहमीचं काम सुरू असताना बघा, मशीन नुकतं सुरू केल्यावर नको. मार्च अखेरचा सीए ऑफिसातला दिवस किंवा लग्नसराईतलं डीटीपीचं दुकान, अशा वेळी अव्हेलेबल १० टक्क्यांखाली टिकून असेल आणि लिनक्सवर एसआय-एसओ किंवा विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमध्ये "हार्ड फॉल्ट्स" (पेज रॅममध्ये नसल्यानं डिस्कवरून आणावं लागणं) सतत शेकड्यांत असतील, तर रॅम घ्या. प्रोग्रॅम उघडतानाचे हार्ड फॉल्ट मोजू नका, तेव्हा ते होणारच.

४ जीबी आणि हार्ड डिस्क असलेल्या मशीनवर एकाच वस्तूचे पैसे असतील तर आमचं मत असं: अव्हेलेबल १ जीबीच्या वर राहत असेल तर आधी एसएसडी, त्याखाली असेल तर आधी रॅम. बर्डीच्या बाजारात खरेदीला जाण्याआधी मशीनला डीडीआर३, ४ की ५ लागते, लॅपटॉपची छोटी पट्टी की डेस्कटॉपची लांब, किती खाचा रिकाम्या आहेत आणि बोर्ड जास्तीत जास्त किती घेतो, हे लिहून न्या. एका पिढीची पट्टी दुसरीच्या खाचेत बसत नाही. लॅबमधल्या जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज असेल तर ४ जीबीच्या वर टाकलेली रॅम वाया जाईल. आधी ६४ बिट टाका.

मोबाइलवरही असंच असतं का?

हो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्सच आहे. मागे ठेवलेली ॲप जागा लागली की सिस्टिम आपणहून बंद करते. सगळी ॲप सारखी हातानं उडवत बसलं तर ती पुन्हा नव्यानं सुरू होताना बॅटरी जास्त जाते.

डेटाबेस सर्व्हरवर सगळी रॅम डेटाबेसला देऊन टाकावी का?

डेटाबेस कोणता त्यावर आहे. पोस्टग्रेस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कॅशेवर मुद्दाम विसंबून राहतं. त्याचं "शेअर्ड_बफर्स" मूळ १२८ एमबी असतं आणि फक्त डेटाबेससाठी असलेल्या सर्व्हरवर एकूण रॅमच्या २५ टक्क्यांपासून सुरुवात करावी असा त्याचा सल्ला आहे. ८० टक्के दिले तर एकच पेज दोन्हीकडे साठतं आणि क्वेरीच्या सॉर्टिंगला जागा उरत नाही. "इफेक्टिव्ह_कॅशे_साइझ" मेमरी घेत नाही. कॅशे साधारण किती मिळेल एवढाच अंदाज ते प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) देतं.

मायएसक्यूएलच्या इनोडीबीचं उलट आहे. त्याचा स्वतःचा बफर पूल मोठा ठेवायचा (मूळ १२८ एमबी खऱ्या कामाला फार कमी) आणि फ्लश पद्धत "ओ_डायरेक्ट" करायची, म्हणजे डेटा फाइली सिस्टिमच्या कॅशेला वळसा घालून जातात आणि दुहेरी साठवण टळते. दोन्हीकडे बदल केल्यावर लगेच निष्कर्ष काढू नका. रीस्टार्टनंतर डेटाबेसचा स्वतःचा बफर बराचसा रिकामा असतो, पहिले काही तास वेग कमीच दिसेल. पूर्ण एक कामाचा दिवस जाऊ द्या आणि मग आकडे घ्या.